पाय पुन्हा कागदाबाहेर गेले?

"सर, परत पाय गेले."

शनिवारच्या लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे समोरच्या जिवंत मॉडेलवरून चित्र काढायच्या वर्गात हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा मला आठवत नाही. डोकं छान जमलेलं असतं, नाकाशेजारची सावली मन लावून घासलेली असते, छाती-पोटही बरं उतरलेलं असतं आणि गुडघ्यापाशी कागद संपतो. काही जण हार मानत नाहीत. ते नडग्या आखूड करून पावलं खालच्या कडेला कशीबशी कोंबतात, आणि चांगला धडधाकट माणूस घोट्यापर्यंत चिखलात रुतल्यासारखा दिसू लागतो.

विचारलं की उत्तर ठरलेलं: "अ‍ॅनाटॉमी कच्ची आहे." मग स्नायूंची जाडजूड पुस्तकं येतात, दंडातल्या स्नायूंची नावं पाठ होतात, आणि पुढच्या शनिवारी पाय पुन्हा जातात. जाणारच. पाय कागदाबाहेर जाण्याचा स्नायूंशी काडीचा संबंध नाही. चित्र सुरू होण्याआधीच, खुर्ची कुठे ओढली आणि बोर्ड कसा धरला, इथे निम्मी चूक होऊन गेलेली असते. म्हणून तपासणी हातापासून करू नका, बसण्यापासून करा.

आपल्याकडच्या बहुतेकांची चित्रकला इलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांत घडलेली असते. माझीही तशीच. वस्तुचित्राला टेबलावर तांब्या, एखादं वांगं, मागे पडदा. तांब्या एका नजरेत मावतो. वरच्या काठापासून बुडापर्यंत बघायला मान हलवावी लागत नाही. उभा माणूस तसा मावत नाही. तांब्याची सवय माणसाला लावली की गडबड होते, आणि 'ए' ग्रेड मिळालेल्यांची जास्तच होते, कारण त्यांचा हात थांबत नाही.

आधी चित्र पूर्ण करा, मग दोष शोधा

पाय कागदाबाहेर चाललेत असं दिसलं की खोडरबर उचलू नका. बोर्डाला खाली दुसरा कागद क्लिप करा आणि पावलांपर्यंत चित्र पुरं करा. अर्धवट चित्रावरून रोग कळत नाही.

आता चित्रातलंच डोकं, टाळूपासून हनुवटीपर्यंत, पेन्सिलीवर धरा आणि खाली मोजत जा. उभा प्रौढ माणूस साधारण सात ते साडेसात डोकी भरतो. चित्रात तेवढीच भरली, फक्त कागद पुरला नाही, तर तुमची नजर ठीक आहे. तुम्ही आकार ठरवायला विसरलात. सहा किंवा त्याहून कमी भरली तर डोकं मोठं झालंय किंवा पाय आखडलेत, आणि मग बोर्ड नि अंतर तपासायला हवं. धड बरोबर आणि फक्त गुडघ्याखाली आखूड, असं असेल तर तो सरळसरळ कोंबाकोंबीचा गुन्हा आहे, त्याला वेगळं निदान नको.

माझ्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. त्यांच्या चित्रात डोकी बरोबर साडेसात भरली, तरी पाय गेलेलेच. मी काही बोलायच्या आत त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला हिशोब मांडला. कागद अर्धा इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच. उभा धरला तर उंची ५६ सेंमी. वर ५ सेंमी सोडून त्यांनी डोकं काढलं होतं ९ सेंमीचं. ९ गुणिले साडेसात म्हणजे साडेसदुसष्ट. वरचे पाच धरून साडेबहात्तर. कागद छप्पन्नला संपतो. साडेसोळा सेंमीची तूट, म्हणजे गुडघ्याखालचं जवळजवळ सगळं. "अहो सर, हे तर पहिल्या मिनिटालाच बुडालं होतं," म्हणाल्या. बाकीची पस्तीस मिनिटं त्या बुडालेल्या खात्यात भरणा करत होत्या.

उलट हिशोब करा. वर-खाली पाच-पाच सेंमी सोडले की ४५-४६ सेंमी उरतात. साडेसातने भागा: डोकं ६ सेंमीचं. सहा सेंमी म्हणजे तुमच्या अंगठ्यापेक्षा फार मोठं नाही, आणि इथेच सगळ्यांचं पोट दुखतं, कारण एवढ्याशा डोक्यात डोळे-नाक-ओठ मनासारखे काढता येत नाहीत. मान्य. मग चेहऱ्याचा अभ्यास वेगळ्या कागदावर करा. एकाच चित्रात पासपोर्ट फोटो आणि उभा माणूस दोन्ही मागू नका.

तीन खुणा

यावरचा उपाय इतका साधा आहे की लोक तो करत नाहीत. पहिली रेघ ओढण्याआधी तीन आडव्या खुणा करायच्या: टाळू कुठे, टाचा कुठे आणि मध्य कुठे. उभ्या माणसाचा मध्य कमरेत नसतो, बेंबीतही नसतो. तो पाय जिथे फुटतात तिथे, जांघेच्या पातळीला येतो. नवशिक्यांना हे दरवेळी खोटं वाटतं. आपण माणसाला कपड्यांत बघतो, शर्ट पँटमध्ये खोचलेला असतो, म्हणून पट्ट्याची रेघ हाच मध्य वाटतो. साडी असेल तर विचारायलाच नको. जांघेला मध्याची खूण ठेवून काम करा, पाय पळायचे निम्मे थांबतील.

खुणा केल्यावर त्यांचा मान ठेवा. अर्ध्यावर "मध्य जरा खाली घेऊ या का" असं वाटू लागेल. घेऊ नका. खूण चुकली असं मोजून सिद्ध झालं तरच हलवा.

बोर्ड

बोर्ड मांडीवर आडवा आणि मॉडेल समोर उभं, अशी बैठक असेल तर कागदाची वरची कड तुमच्यापासून लांब आणि खालची जवळ असते. लांबची कड डोळ्याला आखडलेली दिसते. म्हणून तुम्ही वरचा भाग, म्हणजे नेमकं डोकं आणि खांदे, नकळत ताणून काढता. बसल्या जागी ते बरोबरही दिसतं. बोर्ड उभा केला की डोकं भोपळ्यासारखं पुढे येतं. वर्गात छान वाटलेलं चित्र घरी भिंतीला टेकवल्यावर विचित्र दिसतं असा अनुभव असेल, तर निदान झालंच समजा.

नजर आणि कागद यांत काटकोन हवा. इझल, म्हणजे बोर्ड उभा धरणारी घोडी, नसेल तर समोर एक रिकामी खुर्ची घ्या, तिच्या पाठीला बोर्ड टेकवा, खालची कड मांडीवर ठेवा. मॉडेलकडून कागदाकडे येताना मान वळू नये, फक्त डोळे हलावेत. मान खालीवर होत असेल तर वाटेत आकार सांडतो.

खुर्ची मागे घ्या

छोट्या वर्गात दहा जण आणि मॉडेल दोन मीटरवर. एवढ्या जवळून १६५ सेंमी उंचीचा माणूस बघायचा तर नजरेला जवळजवळ ४५ अंशांचा पल्ला घ्यावा लागतो. चेहरा समोरून दिसतो, पावलं वरून. म्हणजे तुम्ही एका चित्रात दोन वेगवेगळी दृश्यं जोडताय आणि शिवण कुठेतरी मांडीत येते. पाच मीटरवर गेलात तर तोच पल्ला १९ अंशांच्या आसपास येतो आणि माणूस एका नजरेत मावतो. मॉडेलच्या उंचीच्या निदान अडीच-तीनपट अंतर, हा जुना नियम उगाच नाही.

जागाच नसेल तर? मग उभं पूर्ण चित्र काढायचा हट्ट सोडा. दोन मीटरवरून धड काढा, हात काढा. लांब बसायला मिळणारी मागची जागा वर्गात कुणाला नको असते, ती मुद्दाम पकडा.

पेन्सिलीचं माप

एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीवर अंगठा सरकवणारा चित्रकार सिनेमात पाहिलेला असतो, म्हणून सगळे ते करतात, आणि बहुतेक जण चुकीचं करतात.

हात कोपरात ताठ हवा. दरवेळी तेवढाच ताठ. डोळ्यापासून पेन्सिल ६५ सेंमीवर असताना डोकं मोजलं आणि पुढच्या वेळी कोपर किंचित वाकून ती ६० वर आली, तर माप पावणेआठ टक्क्यांनी घटतं. एका डोक्याला ते जाणवणार नाही. साडेसात डोकी मोजेपर्यंत अर्ध्या डोक्याहून जास्त फरक पडलेला असतो, आणि अर्धं डोकं म्हणजे अख्खं पाऊल घोट्यासकट. दुसरी चूक म्हणजे पेन्सिलीचं टोक मॉडेलकडे झुकवणं, विशेषतः झोपलेल्या किंवा पसरलेल्या पायाचं माप घेताना. समोर काचेचं तावदान आहे असं समजून पेन्सिल त्या काचेला चिकटूनच फिरवायची. काचेतून पलीकडे घुसवायची नाही.

आणि मोजताय काय ते ठरवा. इथे आपल्याकडे एक खास घोटाळा होतो. शिल्पशास्त्रातला 'ताल' म्हणजे चेहऱ्याची लांबी, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत, १२ अंगुळं. नवताल मूर्ती म्हणजे नऊ ताल उंच, १०८ अंगुळं. कला महाविद्यालयात शिकवतात ते 'डोकं' मात्र टाळूपासून हनुवटीपर्यंत. मूर्तिकामाच्या घरातून आलेली मुलं तालाचं माप घेतात आणि साडेसात वेळा मोजतात. माणूस बुटका होतो आणि ती स्वतःलाच दोष देत बसतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी नीट आहेत, फक्त एकीचं माप आणि दुसरीची संख्या घेऊ नका. अंबाडा बांधलेली मॉडेल असेल तर टाळू कवटीचीच धरायची, अंबाड्याची नाही, हेही सांगून ठेवतो.

ताल मला तरीही आवडतो. आपल्या हाताच्या पंज्याची लांबीही साधारण तेवढीच असते. स्वतःचा तळवा हनुवटीवर ठेवून बघा, मधलं बोट कपाळावर केसांपाशी पोहोचतं. चित्रातले हात नेहमी बाहुलीसारखे का होतात, ते एवढ्यावरून लक्षात येईल. पाऊल तर त्याहून लांब, अख्ख्या डोक्याएवढं किंवा थोडं जास्तच.

बसलेल्या माणसाचे पाय

उभ्या आकृतीचं जमलं की मॉडेल स्टुलावर बसतं आणि पाय पुन्हा पळतात. कारण वेगळं आहे. समोरून बसलेल्या माणसाची मांडी आपल्याकडे येत असते, म्हणून ती दिसते फार आखूड, कधीकधी अर्ध्या डोक्याएवढीच. पण मांडी लांब असते हे आपल्याला ठाऊक आहे. हात त्या माहितीवर विश्वास ठेवतो, मांडी लांबवतो, गुडघे खाली सरकतात आणि पावलं गेलीच.

इथे पाठ केलेली प्रमाणं विसरा. बसलेल्याचा मध्य जांघेत नसतो. ताठ बसलेलं मॉडेल, नेहमीच्या उंचीची खुर्ची असेल तर तो बेंबीच्या आसपास येतो. तरी ठोकताळा नको, दरवेळी मोजा. आणि मांडी काढूच नका. खुर्चीचा पुढचा पाय, नडगी आणि जमीन यांच्यामध्ये जो रिकामा तुकडा दिसतो, तो काढा. कधी तो पतंगासारखा असतो, कधी करवतलेल्या फळीसारखा. त्या तुकड्याबद्दल आपल्याला आधीपासून काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो बरोबर येतो. बाजूचे असे तीन-चार तुकडे जमले की मांडी आपसूक तयार झालेली असते.

पाय आले, पण माणूस पडतोय

आता खरं दुखणं. सगळं मोजून मापून आकृती कागदात बसवली आणि ती एका बाजूला कलंडली. हे मला पाय कापले जाण्यापेक्षा मोठं वाटतं, कारण पाय नसलेलं चित्र निदान उभं तरी राहू शकतं.

वर्गात मी आधी एकच प्रश्न विचारतो: विठोबा की मुरलीधर? विटेवरचा विठोबा समचरण, दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे आणि कंबर दोन्ही आडव्या सरळ. मुरलीधर एका पायावर, दुसरा नुसता टेकवलेला, अंगाला तीन ठिकाणी वळण, म्हणून त्रिभंग. मॉडेल वीस मिनिटं उभं राहणार असेल तर ते बहुतेक वेळा मुरलीधराकडे झुकतंच, कारण माणूस दमला की एका पायावर रेलतो. बसस्टॉपवर कुणाकडेही बघा.

भार असलेल्या पायाच्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललं जातं, आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. नवशिके खांदे आणि कंबर दोन्ही समांतर काढतात आणि नुसता एक पाय वाकवतात. तो माणूस पडणारच.

यावर गवंड्याचं औजार वापरा: ओळंबा. दोऱ्याला एखादी किल्ली किंवा नट बांधा, हात लांब करून दोरा कंठाच्या खळगीवरून सोडा आणि तो खाली कुठे येतो ते बघा. एका पायावर मोकळं उभं असलेल्या माणसात तो भाराच्या पायाच्या घोट्याजवळ येतो. आता तीच उभी रेघ कागदावर कंठापासून खाली ओढा. तुमच्या चित्रातला घोटा त्या रेघेपासून दोन-तीन सेंमी लांब असेल, तर माणूस का पडतोय ते कळलं. मॉडेल भिंतीला किंवा काठीला टेकलेलं असेल तर हा नियम लागू नाही. तिथे भार वाटला गेलेला असतो आणि काठी चित्रात काढावीच लागते, नाहीतर तो कायमचा पडतच राहील.

तरीही कंबर-खांद्यांचं नातं डोक्यात बसत नसेल, तर पेन्सिल ठेवा आणि मूठभर शाडू घ्या. गणपतीच्या दिवसांत सहज मिळतो, इतर वेळी मूर्तिकाराकडे मागा. तीन गोळे करा: कवटीचा अंड्यासारखा, बरगड्यांचा मोठा, कमरेचा पसरट. काडीवर एकाखाली एक ओवा. कमरेचा गोळा एका बाजूने वर उचला, बरगड्यांचा उलट कलवा, आणि बोटभर उंचीचा तो ठोकळा चहूबाजूंनी फिरवून बघा. कागदावर दोन महिने न कळलेलं दहा मिनिटांत बोटांना कळतं. याला भट्टीत घालायचं नाही. शाडू वाळला की तडकतो, काडी आत असेल तर हमखास. पाणी मारून मोडा, पुन्हा वापरा.

मॉडेलही हलतं

सगळं तपासलं, तरी टाळूची खूण आणि टाळू जुळत नाहीत? कदाचित चूक तुमची नाहीच. पोज धरल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत माणूस स्थिरावतो. पोट सैल होतं, खांदे उतरतात, गुडघा थोडा आत येतो, उंची एक-दोन सेंमी घटते. पहिल्या मिनिटाला घेतलेलं माप पंधराव्या मिनिटाला खोटं ठरतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं तिथले विद्यार्थी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून शिकत. १९२० च्या सुमारास तिथले प्रमुख कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलच्या अभ्यासाला जोर आला. पुतळा दमत नाही. माणूस दमतो, आणि पुतळ्याकडून ठेवायची ती अपेक्षा त्याच्याकडून ठेवली की आपलीच चिडचिड होते.

म्हणून पहिली पाच मिनिटं मोजू नका. वर्तमानपत्राच्या जुन्या कागदावर एक-एक मिनिटाची चार-पाच हाती रेखाटनं करा, हात मोकळा होऊ द्या. तोवर मॉडेल स्थिरावेल. मग पावलांभोवती आणि स्टुलाच्या पायांभोवती खडूने खूण करा, म्हणजे विश्रांतीनंतर परत तिथेच उभं राहता येईल. खडू फिरवण्याआधी मॉडेलला विचारा. आणि पंख्याखाली कोण उभं आहे, चहा कुणाला दिलाय, हेही बघा. समोरचा माणूस तुमच्यासाठी तासाच्या हिशोबाने अवघडून उभा आहे.

घरी सरावाला मॉडेल नसतं, ही दुसरी तक्रार. जे. जे.ची मुलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर स्केचबुक घेऊन बसत आली आहेत ती उगाच नाही. लोकलची वाट बघणारा माणूस उत्तम मॉडेल आहे: एका पायावर भार, खांद्यावर बॅग, आणि इंडिकेटरकडे बघत मान वर. तो पाच मिनिटांत निघून जाणार, म्हणून डोळे-नाक काढायचा मोह होतच नाही. तीन खुणा, ओळंब्याची रेघ, पावलं. पावलं आधी काढा. खरंच, एक आठवडाभर प्रत्येक स्केच पावलांपासून सुरू करून बघा. मग कागदाबाहेर डोकं जाईल, आणि ते चुकलं की लगेच दिसतं.

एक वेळ अशीही येते की पाय कापणंच बरोबर असतं. कागद लहान आहे, पोजमधली सगळी गंमत पाठीत आहे, तर पायांना कशाला ओढत न्यायचं? पण तसं असेल तर पहिल्या खुणेच्या वेळीच ठरवा, आणि सांध्यावर कापू नका. गुडघ्यावर किंवा घोट्यावर कड आली की तो माणूस जखमी वाटतो. मांडीच्या मध्यावर कापा, नाहीतर नडगीच्या वरच्या भागात. काकूंनी गेल्या शनिवारी असंच एक चित्र केलं, मुद्दाम, आणि बोर्ड माझ्याकडे फिरवत म्हणाल्या, "सर, या वेळी पाय मी घालवलेत."